टेप सारखं सारखं रीळ खातोय? चौथ्यांदा बेल्ट बदलायच्या आधी हे वाचा

मंडळी, ज्यांच्या घरात अजून एखादा कॅसेटचा टेप जिवंत आहे आणि तो मधूनच रीळ खातो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याकडे हा प्रकार दीड वर्ष चालला. तीनदा बेल्ट बदलून झाला, एकदा मोटर झाली, आणि दर वेळी आठ-दहा दिवस नीट चालून परत तेच, गाणं मस्त चालू असताना आवाज पाण्यात बुडाल्यासारखा होणार, मग कुईं कुईं, आणि आपण हातातलं टाकून धावत येईपर्यंत आत तपकिरी कुरडई तयार. मी मेकॅनिक नाही, सोल्डरिंग पण वाकडं करतो, पण दीड वर्षात जे कळलं ते कोणीतरी पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर पैसे आणि डोकं दोन्ही वाचलं असतं. (मी मशीनला टेप म्हणतो आणि आतल्या पट्टीला रीळ, आमच्याकडे लहानपणापासून असंच म्हणतात, गोंधळ करून घेऊ नका.)

आता कोणीतरी म्हणणारच की एवढी खटपट कशाला, सगळं फोनवर आहे की. दुरुस्तीवाल्या दादांनी तर तोंडावर सांगितलं, "साहेब ते डबडं फेका, पेन ड्राईव्हवर दोन हजार गाणी भरून देतो." खरं सांगायचं तर माझ्या कॉलेजच्या कॅसेटसाठी मी एवढं केलं नसतं. रहमानच्या, त्या काळच्या इंडीपॉपच्या, सगळं फोनवर मिळतं आणि चांगलं वाजतं. फक्त एक त्रास होतो, फोनवर एक गाणं संपलं की डोक्यात आपोआप पुढचं सुरू होतं, कॅसेटच्या क्रमातलं, आणि फोन भलतंच काहीतरी लावतो. आणि दुकानातून भरून घेतलेल्या कॅसेटचा क्रम तर जगात कुठेच नाही, वहीच्या कागदावर यादी लिहून दिली होती, ६० मिनिटांची की ९० ची विचारून दुकानदाराने भरून दिली, शेवटचं गाणं रीळ संपलं म्हणून अर्ध्यात तुटलेलं. ते गाणं अजूनही मला अर्धंच पाठ आहे.

पण ट्रंकेत एक कॅसेट अशी आहे जी फोनवर कधीच येणार नाही. १९९३ च्या आषाढीला आमच्या चिपळूणच्या घरात बाबांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलेलं, काकांनी मस्कतहून आणलेल्या टू-इन-वनवर, त्याच्याच आतल्या माईकवर. २०२१ च्या पुरात खालचं सगळं गेलं, ही ट्रंक माळ्यावर होती म्हणून राहिली. तो टू-इन-वन केव्हाच गेला, म्हणून मी सेकंडहँड डेक घेतला, आणि तो डेक नेमकी हीच कॅसेट खायला लागला.

नेमकी हीच. हे वाक्य मी स्वतः दहा जणांना सांगितलं असेन आणि मला स्वतःलाच त्याचा अर्थ लागायला दीड वर्ष गेलं.

आधी रीळ खाणं म्हणजे काय होतं ते बघू, कारण ते एकदा डोळ्यासमोर आलं की अर्धं काम होतं. कॅसेटमधलं रीळ ओढतात त्या चक्र्या नाहीत. ते ओढतो एक बारीक लोखंडी दांडा, कॅपस्टन, आणि त्याला चिकटून दाबणारा रबरी रोलर, म्हणजे पिंच रोलर. या दोघांच्या चिमटीत रीळ धरलेलं असतं आणि ते सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या एकाच वेगाने पुढे ढकललं जातं, काही झालं तरी. पुढे आलेलं रीळ गोळा करायचं काम दुसऱ्या बाजूच्या चक्रीचं. आता ती चक्री थकली, घसरली, अडकली, तर चिमटीला त्याचं काही सोयरसुतक नाही, ती ढकलतच राहते. सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर म्हणजे तुम्ही गॅस बंद करून येईपर्यंत अर्धा मीटर रीळ आत सांडलेलं असतं, आणि सांडलेल्याचं टोक एकदा कॅपस्टनला चिकटलं की ते दोऱ्यासारखं गुंडाळत जातं. म्हणजे खाणारा कॅपस्टन असतो पण गुन्हा बहुतेक वेळा गोळा करणाऱ्या चक्रीचा किंवा त्या चक्रीला अडवणाऱ्या कोणाचा तरी.

आणि तो अडवणारा टेपमध्ये असू शकतो किंवा कॅसेटमध्ये. हे आधी ठरवायचं. आम्ही सगळे सरळ टेप उघडून बसतो.

कसं ठरवायचं? दुसऱ्या तीन-चार कॅसेट लावा, नावडत्या लावा, गेल्या तरी चालतील अशा. आणि दर वेळी खाल्लं की वही घेऊन लिहा, कुठली कॅसेट, कुठली साईड, कितव्या मिनिटाला. हसू नका. टेपला तीन आकडी काउंटर असेल तर तो झिरो करून सुरुवात करा, नसेल तर फोनचा स्टॉपवॉच. मेकॅनिककडे नेलं की तो फक्त "खातो" एवढंच ऐकतो, पण कुठे खातो त्यावर सगळं आहे.

सगळ्याच कॅसेट खातो आणि बहुतेक वेळा साईड संपत आल्यावर खातो, असं असेल तर दोष टेपचा, आणि तो म्हणजे चक्रीची ओढ कमी पडलीय. साईडच्या शेवटी गोळा करणारी चक्री रिळाने भरलेली असते, गुंडाळी जाड झालेली, त्यामुळे तेवढ्याच जोरात ओढ कमी लागते. सुरुवातीला निभावून नेते, शेवटी मान टाकते. हे तपासायला एक रिकामं खोकं तयार करा, म्हणजे एखाद्या भंगार कॅसेटचे पाच स्क्रू काढून आतलं रीळ काढून टाका आणि खोकं परत बंद करा. ते लावून प्ले दाबा आणि भोकातून ती फिरणारी चक्री बोटाच्या टोकाने हलके थांबवा. थांबवताना बोटाला ठाम ओढ जाणवली पाहिजे आणि सोडल्यावर लगेच परत फिरली पाहिजे. नुसतं बोट टेकल्यावर निमूट थांबत असेल तर सापडला चोर. (रिकामं खोकं लावल्यावर काही डेक दोन सेकंदांत स्वतःच बंद पडतात, त्यांचा ऑटोस्टॉप असतो, तेवढ्या वेळात बोट लावायचं, दोन-तीनदा करा.)

मग बेल्ट की दुसरं काही? बेल्ट ताणला असेल तर फक्त चक्री नाही, आवाज पण लहरतो, लांब सूर हेलकावे खातो. आवाज स्थिर असेल आणि फक्त चक्रीच ढिली असेल तर बहुतेक ती आयडलर नावाची छोटी रबरी कडा असलेली चाकं गुळगुळीत झालीत. त्यांच्यावर बारीक पॉलिश पेपर हलके फिरवून रबराची चकाकी घालवली आणि साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी केली की बऱ्याचदा जीव येतो. माझे तीन बेल्ट यातच गेले. पहिल्या वेळी बेल्ट खरंच गेला होता, वितळून काळं डांबर झालेला, पुढचे दोन विनाकारण.

बेल्टचं आलंच आहे तर सांगून टाकतो. डांबर झालेला बेल्ट काढताना जुने हातमोजे घाला, तो काळा रंग बोटांवरून चार दिवस जात नाही आणि शर्टवरून कधीच नाही. प्रत्येक पुली आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पूर्ण स्वच्छ करा, कणभर राहिलं तरी नवा बेल्ट तिथे उडी मारतो. माप घ्यायला साधा शिवणाचा दोरा घ्यायचा, बेल्ट जसा जातो तसा पुल्यांभोवती फिरवायचा, मोजायचा, आणि त्याहून साधारण पाच टक्के कमी घेराचा बेल्ट घ्यायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, तिथे शोधलं की सुटे बेल्ट मिळतात, जुना तुकडा हातात घेऊन जा म्हणजे जाडी जुळवता येते. रबरबँड लावू नका हो. मी लावलाय, म्हणून सांगतोय. एक दिवस चालतो आणि त्या एका दिवसात पण सगळे गायक प्यायल्यासारखे गातात.

दुसरं लक्षण. वाजताना ठीक, पण स्टॉप दाबून कॅसेट बाहेर काढताना रीळ लोंबतं. याचा अर्थ रबरी रोलर चिकट झालाय, रीळ त्याला धरून बसतं. किंवा रोलर कडक काचेसारखा झालाय आणि एका बाजूने झिजलाय, मग रीळ वर किंवा खाली सरकत जातं, कडा दुमडते, आणि कुठेही, केव्हाही खातो. आधी साफ करा. हेड (रिळावरचा आवाज वाचणारा भाग) आणि कॅपस्टनला आयसोप्रोपाइल, ९९ टक्केवालं, इयरबडवर थोडंसं. बड तपकिरी होत राहील, बदलत राहा, पांढरा निघेपर्यंत. रबरी रोलरला मात्र अल्कोहोल सारखं सारखं चोपडू नका, रबर सुकतं, त्याला ओल्या कापडावर थोडा साबण बास. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात चिकट माल असतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर लांबच ठेवा, प्लास्टिक खातो तो. आणि आयडलरला पॉलिश पेपर चालतो म्हणून पिंच रोलरला पण मारू नका, हाताने घासून तो कधीच एकसारखा गोल राहत नाही, आणि जरा उंचसखल झाला की नवीनच दुखणं सुरू. तो खराब असेल तर बदलायचा.

तिसरं, कॅसेट लावल्या लावल्या पहिल्याच मिनिटात खातो. यात टेपचा बऱ्याचदा काहीच दोष नसतो, रीळ ढिलं असताना आपण आत घातलेलं असतं. पेन्सिल घ्या, सहा कोनी, नटराज असेल तर उत्तम, चक्रीच्या दातांत बरोब्बर बसते, दोन वेढे फिरवा, ताण आला की मग लावा. पेन्सिल आणि कॅसेट असा फोटो टाकून लोक आठवणींचे कढ काढतात पण ती ढील काढायची गोष्ट फार जणांना माहीत नसते, त्यांना वाटतं पेन्सिल फक्त सेल वाचवायला रिवाइंड करायची होती. (तीही होती म्हणा.)

आणि चौथं, माझं. एकच कॅसेट, एकच साईड, एकाच जागी. वहीत तीन नोंदी झाल्यावर मी बघत बसलो, अकरा मिनिटं वीस सेकंद, अकरा मिनिटं पंचवीस, अकरा वीस. च्यायला. टेप काय घड्याळ बघून खातोय का?

एकाच जागी खात असेल तर दोष रिळात आहे, बेल्ट सोन्याचा लावला तरी. दीड वर्ष मी मशीन उघडत होतो, कॅसेट उघडून बघायचं सुचलं नाही कारण त्या कॅसेटला हात लावायची भीती वाटत होती. त्या रविवारी पांढरा चादरीचा तुकडा अंथरला, पाच स्क्रू काढले, वरचं झाकण हळूच उचललं. ही सूचना महत्त्वाची आहे, ए साईड वर ठेवून उघडा, कोपऱ्यातले दोन छोटे रोलर आणि त्यांच्या पिना पटकन निसटतात, आणि उघडल्या उघडल्या फोनवर फोटो काढून ठेवा, रीळ कुठून कुठे गेलंय ते नंतर आठवत नाही, आठवतं असं वाटतं फक्त.

हाताने हळूहळू रीळ फिरवत अकराव्या मिनिटापाशी आलो आणि दिसलं. साधारण नऊ-दहा सेंटीमीटर रीळ चुरगळलेलं, अकॉर्डियनसारख्या बारीक घड्या, आणि खालची कडा एका ठिकाणी नखाएवढी दुमडलेली. ही दुमड पिंच रोलरखाली गेली की रीळ सरळ न जाता वर चढायचं, तिथून पुढे कॅपस्टनला गाठायचं आणि खेळ खलास. ही घडी मला ओळखीची होती. १९९६ च्या दिवाळीत ताईने हीच कॅसेट लावली होती, टेपने खाल्ली, आणि बाबा बाजारातून यायच्या आत तिने आणि मी मिळून पेन्सिलीने सगळं आत गुंडाळून ट्रंकेत ठेवून दिलं होतं. बाबांना त्यांच्या हयातीत कळलं नाही. बहुतेक.

आता अशा वेळी पुस्तकी उपाय म्हणजे खराब तुकडा कापून दोन्ही टोकं जोडायची. बाजारातल्या कॅसेटला खुशाल करा. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी कापायची, एकमेकांना भिडवायची, वर चढवायची नाहीत, आणि जोडपट्टी हेडला लागणाऱ्या बाजूला लावायची नाही, पाठच्या बाजूला लावायची. त्यासाठी स्प्लायसिंग टेप मिळते तीच वापरा, घरातली चिकटपट्टी लावली तर तिचा गोंद दोन-चार वर्षांत कडेने पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात. फेविक्विक वगैरे तर विचारही नको.

पण हिशोब करा, ४.७६ सेंटीमीटरला एक सेकंद, म्हणजे माझं ते नऊ-दहा सेंटीमीटर म्हणजे दोन सेकंद. तिथे बाबा दुसऱ्या कडव्याला सुरुवात करतात. कात्री हातात घेतली होती, ठेवून दिली.

मग काय केलं ते सांगतो, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नसेल पण माझ्याकडे चाललं. आरशाचा सपाट तुकडा, स्वच्छ पुसलेला. त्यावर चुरगळलेला भाग पाठची बाजू वर करून ठेवला, वर पातळ ट्रेसिंग पेपर, आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने अगदी हलक्या हाताने एकाच दिशेने घासत गेलो, वीस-पंचवीस वेळा. दुमडलेली कडा आधी दातकोरणीच्या बोथट टोकाने उलगडली. इस्त्री करायचा सल्ला मला दोघांनी दिला, चुकूनही करू नका, रीळ प्लास्टिकचंच आहे, उष्णतेने आक्रसतं आणि मग ते कधीच सरळ होत नाही. घड्यांच्या रेषा राहतातच, त्या ठिकाणचा तपकिरी थर थोडा उडालेला असतो, आवाज तिथे गचका खाणारच. पण कडा सपाट झाली की रीळ रोलरखालून सरळ जातं, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

कॅसेट उघडलीच आहे तर आणखी चार गोष्टी बघून घ्या, कारण यातल्या दोन माझ्याकडे होत्याच. चक्र्यांच्या वरखाली एकेक पातळ गुळगुळीत कागद असतो, पारदर्शक किंवा काळपट. तो वाकलेला असेल, कडेने वर आला असेल तर तोच चक्रीला ब्रेक लावतो, आणि मग आपण टेपच्या नावाने बोंबलत बसतो. भंगारातल्या चांगल्या कॅसेटचे दोन कागद काढून घाला, दोन मिनिटांचं काम. दुसरं, हेडच्या समोर जी स्प्रिंगची पट्टी असते तिच्यावर छोटी लोकरी गादी चिकटवलेली असते, तिचा गोंद सुकून ती पडलेली असते. हिच्यामुळे रीळ खात नाही पण आवाज खोल विहिरीतून येतो आणि मग लोक हेड बदलत बसतात. तीही दुसऱ्या कॅसेटची पट्टीसकट काढून बसवा.

तिसरं, वर्षानुवर्षं पडून राहिलं की रिळाच्या गुंडाळीचे वेढे वरखाली होतात, कडेने बघितलं तर पायऱ्या दिसतात, आणि त्या पायऱ्या खोक्याला घासून चक्री जड होते. याला उघडायची पण गरज नाही. कॅसेट आडवी धरून तळहातावर चार-पाचदा आपटायची, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फॉरवर्ड, एकदा रिवाइंड. आमचे काका हे मांडीवर आपटून करायचे, आम्हाला वाटायचं त्यांची स्टाईल आहे. जुनी कॅसेट वाजवायच्या आधी हे करूनच घ्या, विशेषतः ९० ची. ६० च्या कॅसेटचं रीळ साधारण १८ मायक्रॉन जाड असतं, ९० चं १२, आणि १२० चं ९ च्या आसपास. जेवढं पातळ तेवढं पटकन दुमडतं, चिकटतं, ताणलं जातं. जास्त गाणी बसतात म्हणून आम्ही हौसेने ९० च्या घ्यायचो, त्याची परतफेड आता चालू आहे.

आणि चौथं बुरशी, कोकणवाल्यांसाठी खास. गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड किंवा पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट टेपमध्ये घालूच नका, ती बुरशी हेडला लागते आणि हेडवरून पुढच्या दहा कॅसेटना. मास्क लावून, घराबाहेर, कोरड्या मऊ ब्रशने काढा, नंतर एखाद्या फालतू टेपवर पूर्ण फॉरवर्ड-रिवाइंड करा आणि तो टेप साफ करा. उन्हात वाळत घालू नका, पापड नाहीत ते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटाच्या खोक्यात येतात त्या पण चालतात.

काही कॅसेटना स्क्रूच नसतात, दोन्ही भाग चिकटवलेले असतात. त्यांना कडेच्या सांध्यात ब्लेड हळूहळू फिरवून फोडावं लागतं आणि चक्र्यांसकट रीळ उचलून स्क्रूवाल्या खोक्यात ठेवायचं. पहिल्यांदा नावडत्या कॅसेटवर प्रॅक्टिस करा. मी एक फोडली तेव्हा ब्लेड घसरून रिळाचे चार वेढे कापले गेले, पण ती एका बडबडगीतांची होती, कोणाचं काही अडलं नाही.

तर हे सगळं करून कॅसेट लावली, अकरा वीस आलं, एक बारीक गचका, आणि पुढे गेली. मी स्टॉपवर बोट ठेवूनच बसलो होतो.

आणि मग नवीनच भानगड लक्षात आली. बाबा नेहमी पेटीच्या काळी एकमध्ये गायचे, आणि इथे आवाज कोवळा, जरा उड्या मारणारा, एखादा तरुण पोरगा गातोय असा. दोष परत टेपचा की कॅसेटचा? यावेळी शहाणा झालो होतो, मोटरच्या पाठच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालायच्या आधी बाजारातली एक कॅसेट लावली, फोनवर तेच गाणं लावलं, दोन्ही बरोबर. म्हणजे टेप ठीक आहे, मोटरच्या वेगाच्या स्क्रूला हात लावायचा नाही. (सगळ्याच कॅसेट पळत किंवा रेंगाळत असतील तर मात्र तोच स्क्रू, आणि तो केसभरच फिरवायचा असतो.) मग आईला फोन केला तर ती म्हणाली, अरे त्या दिवशी लाईट होती कुठे, पाऊस केवढा, तूच नाही का सेल आणायला गेला होतास. सहा मोठे सेल घालून रेकॉर्ड केलेलं. सेल उतरत गेले तसा तो टू-इन-वन हळू फिरत गेला, आणि हळू भरलेलं आज बरोबर वेगाने वाजवलं की सूर वर चढतो. ए साईडला थोडा, बी साईडच्या शेवटी चांगला अर्धा सूर, काळी एकचं जवळजवळ पांढरी दोन. वेगात बोलायचं तर सहा टक्के.

हे टेपवर दुरुस्त करायचं नाही, कॉम्प्युटरवर करायचं. टेपच्या लाईन आउटमधून कॉम्प्युटरच्या लाईन इनला, माईकच्या भोकात नाही, तिथे आवाज फाटतो. लॅपटॉपला बहुतेक लाईन इन नसतं, यूएसबी साउंड कार्ड घ्या पण लाईन इन असलेलं बघून घ्या. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठी माणसाला अजून काय हवं. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील, वेव्ह फाईलमध्ये ठेवा, ९० ची कॅसेट साधारण साडेनऊशे एमबी होते, होऊ द्या, एमपीथ्री नंतर करता येते. डॉल्बीचं (खरखर कमी करायचं) बटण असेल तर घरगुती रेकॉर्डिंगला बंद ठेवा, चालू राहिलं तर टाळांचा खणखणाट जातो आणि गोधडीतून ऐकल्यासारखं वाटतं. आणि भरायच्या आधी हेडच्या बाजूचा तो छोटा स्क्रू, ज्याच्या स्प्रिंगवर हेड कलतं, तो पाव वेढा इकडेतिकडे फिरवून कान लावा, टाळ सगळ्यात स्वच्छ जिथे ऐकू येतात तिथे सोडा. ज्या मशीनवर रेकॉर्ड झालं त्याच्या हेडचा कल वेगळा असतो, तो आपल्याला जुळवून घ्यायचा. फिरवण्याआधी मार्करने मूळ जागेवर खूण करा, नाहीतर बाकीच्या कॅसेट बोंबलतील.

वेगासाठी मात्र मला एक फायदा होता. त्या रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या काकांनी जी पेटी वाजवलीय ती पेटी अजून आहे, डोंबिवलीला ताईकडे. लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेलो, तिने भात्यावर हात ठेवून काळी एक धरून ठेवली, मी ऑडॅसिटीत दर पाच मिनिटांच्या तुकड्याचा स्पीड कमी करत गेलो, दोन टक्के, अडीच, तीन, बी साईडच्या शेवटी पावणेसहा. दोन्ही पेट्या, हवेतली आणि फाईलमधली, एक झाल्या की मधली थरथर थांबते, ती थांबली की पुढचा तुकडा. स्पीडच बदला, पिच नुसता बदलू नका, दोन्ही वेगळे पर्याय आहेत, नुसता पिच बदलला तर लय पळतीच राहते आणि बाबांना पळती लय चालायची नाही. तीन तास लागले, भाचा कंटाळून झोपला.

फायनल फाईल रात्री घरी येऊन केली आणि ताईला पाठवली. आख्खी नव्वद मिनिटं ऐकून व्हायच्या आधीच, बारा-तेरा मिनिटांत तिचा मेसेज आला, "तो गचका आहे की रे अजून."

आहे, म्हटलं, पण आता टेप तिथे अडकत नाही.